बोटुकली तळ्यात सोडण्याची घाई नको



पावसाळा लागला की आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, मागच्या साली तळ्यात हजार बोटुकली सोडली होती. होळीच्या आधी जाळे ओढले तर दोनशेसुद्धा निघाली नाहीत. बाकीची गेली कुठे?" मग कोणी बगळ्यांना दोष देतो, कोणी रात्री गळ टाकणाऱ्या पोरांना, आणि बीज देणाऱ्याने मोजणीतच हात मारला असे तर सगळेच म्हणतात. या तिन्ही गोष्टी घडतात, नाही असे नाही. पण पुष्कळ वेळा ती मासळी पहिल्या आठवड्यातच मेलेली असते आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. बोटाएवढे पिल्लू मेले की बहुधा तळाशी बसते. तिथेच कुजते, नाहीतर पाखरू उचलून नेते. वर तरंगलेले चार-दोन दिसले तर आपण म्हणतो, चालायचेच. आणि पुढे सहा महिने त्या न उरलेल्या हजार माशांच्या हिशेबाने पेंड टाकत राहतो.

आता पाबळ-केंदूरकडच्या जिरायत गावांत आणि कुरकुंभच्या माळावरही प्लॅस्टिक अंथरलेली शेततळी झाली आहेत. पाणी साठवले आहे डाळिंबासाठी, त्यात रोहू, कटला, मृगळ सोडले तर चार पैसे जास्तीचे मिळतील, हा विचार चांगलाच आहे. पण नदीकाठच्या भोई मंडळींना पिढ्यान्‌पिढ्या जे हाताला ठाऊक असते ते आपल्याला नव्याने शिकावे लागते. वासरू विकत आणले तर आपण त्याला टेम्पोतून उतरवून लगेच कळपात ढकलत नाही. सावलीला बांधतो, पाणी दाखवतो, अंगावरून हात फिरवतो. मासा मुका, शिवाय पाण्याखाली. म्हणून त्याच्या प्रवासाचा शीण कोणाच्या डोळ्यांत भरत नाही.

एकेकाळी हे बीज नदीतूनच धरावे लागे. १९५७ साली ओडिशात डॉ. हिरालाल चौधुरी यांनी माशाच्या मेंदूखालच्या ग्रंथीचा अर्क टोचून कार्प जातीच्या माशांना बंदिस्त पाण्यात अंडी घालायला लावले आणि हवे तेव्हा बीज मिळू लागले. बंगालमधले लोक तेव्हा मातीच्या मडक्यांत बीज भरून रेल्वेने दूरदूर नेत आणि वाटभर मडक्यातले पाणी हाताने हलवत बसत. हात थांबला की बीज मेले. आता प्लॅस्टिकच्या पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग प्राणवायू भरून तोंड आवळतात. हडपसरच्या मत्स्यबीज केंद्रातून आणा की बंगालहून आलेले घ्या, पिशवी तीच. फरक प्रवासाच्या तासांचा.

त्या पिशवीत काय चालते ते समजून घेतले की पुढच्या गोष्टी सांगाव्या लागत नाहीत. मासे श्वास सोडतात, त्याचा कर्बवायू पाण्यात विरघळतो आणि पाणी आंबट होत जाते. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सुटतो. पहाटे बंद गोठ्याचे दार उघडल्यावर डोळ्यांना झोंबतो तोच हा वायू. पाणी आंबट असेपर्यंत हा अमोनिया फारसा बाधत नाही, बांधून ठेवलेल्या कुत्र्यासारखा असतो. पण पिशवीचे तोंड सोडले की सोड्याच्या बाटलीसारखा कर्बवायू निघून जातो, पाण्याचा आंबटपणा उतरतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. आपल्या चुनखडीच्या रानात युरिया वरच फेकला की अमोनिया होऊन उडून जातो, हे तुम्हाला माहीत आहे. रसायन तेच आहे. म्हणून बांधावर पोहोचल्या पोहोचल्या "बघू तरी कशी आहेत" म्हणून पिशव्या सोडून बसू नये. घरी आलेले पाहुणे बघायला येतात, पोरे गोळा होतात, आणि तासभर पिशव्या उघड्या पडतात. हे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे.

याच कारणाने खरेदी करतानाच विचारावे की बीज उपाशी ठेवले होते का. पॅकिंगच्या आदल्या दिवसापासून खाद्य बंद करून पोट रिकामे केलेले बीज प्रवासात पाणी कमी घाण करते. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर दुसरीकडे बघावे. पिशवी भरल्याची वेळ चिठ्ठीवर लिहून घ्यावी.

आता सोडण्याचे. वेळ सकाळची धरा, सूर्य वर येऊन तास-दीड तास झाल्यावरची. पहाटे तळ्यातला प्राणवायू सर्वांत कमी असतो, कारण रात्रभर शेवाळानेही तो वापरलेला असतो. दुपारी प्राणवायू भरपूर असतो, पण हिरव्या पाण्याचा अल्कपणा चढलेला असतो, आणि प्रवासातून अमोनिया अंगात घेऊन आलेल्या माशाला तो मारक. शिवाय प्लॅस्टिकच्या तळ्यात दुपारी वरचे हातभर पाणी चांगलेच तापते. संध्याकाळी सोडले तर समोर रात्र. सकाळ साधायची म्हणजे गाडी रात्रीच निघाली पाहिजे. तेवढी झोपमोड करावी.

पिशव्या बंदच ठेवून तळ्याच्या सावलीच्या कडेला पंधरा-वीस मिनिटे तरंगत ठेवा. सावली नसेल तर वर ओले गोणपाट टाका. उन्हात बंद पिशवी पाहता पाहता तापते आणि आपण उपाय करायला गेलो तोच अपाय होतो. पिशवीला बाहेरून हात लावा, मग तळ्याच्या पाण्याला लावा. फरक जाणवतो तोवर थांबा. साधा तापमापक असेल तर फारच उत्तम. तीन-चार अंशांचा एकदम बसलेला धक्कासुद्धा लहान जिवाला पुरे होतो, आणि बर्फाजवळ ठेवून आणलेल्या पिशवीत फरक त्याहून मोठा असतो.

दोन-तीन तासांचा प्रवास असेल तर तोंड सोडून तांब्या-तांब्याने तळ्याचे पाणी आत घाला. दर दोन-तीन मिनिटांनी एक तांब्या, असे दहा मिनिटे. मग पिशवी आडवी करून तिचे तोंड पाण्याखाली धरा आणि मासे आपणहून बाहेर पडू द्या. उंचावरून ओतायचे नाही. रात्रभराहून अधिक प्रवास झाला असेल तर मात्र उघडल्यावर रेंगाळू नका. तांब्या-दोन तांबे घालून हलवायचे आणि मऊ जाळीने मासे आधीच भरून ठेवलेल्या टबात काढायचे. पिशवीतले घाण पाणी टबात येता कामा नये.

हा टब म्हणजे माझ्या मते सगळ्यांत स्वस्त औषध. गोड्या पाण्यातल्या माशाच्या रक्तात बाहेरच्या पाण्यापेक्षा मीठ जास्त असते. तो घाबरला, त्याचा बुळबुळीत थर खरचटला, की अंगातले मीठ बाहेर झिरपते आणि बाहेरचे पाणी आत शिरते. हा तोल सावरण्यातच त्याची ताकद संपते. म्हणून तळ्याच्याच १०० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम खडेमीठ पूर्ण विरघळवून मासे त्यात पंधरा-वीस मिनिटे ठेवावेत. एकेका पिशवीचेच मासे घ्यावेत आणि एकाने तांब्याने पाणी वरून सोडत राहावे म्हणजे हवा मिसळते. खरचटलेल्या जागी तीन-चार दिवसांनी कापसासारखी पांढरी बुरशी चढते, तिलाही यामुळे थोडा आळा बसतो. मीठ टबात, तळ्यात नव्हे! ते पाणी पुढे डाळिंबाला जायचे आहे.

टब भरायला ताजे बोअरचे पाणी घेऊ नका. त्यात प्राणवायू फार कमी असतो. तळेही नुकतेच बोअरने भरले असेल तर पाणी उंचावरून पडू द्या आणि चार दिवस थांबा. त्या दिवसात थोडा शेणकाला सोडून पाण्याला हलका हिरवा रंग येऊ द्यावा. प्लॅस्टिकच्या तळ्यात माती नसते, त्यामुळे पिल्लांचे नैसर्गिक खाद्य आपण केल्याशिवाय तयार होत नाही.

पहिल्या दिवशी खाद्य टाकू नका. आमच्या भगिनींना हे जड जाते, लांबून आलेल्याला उपाशी कसे ठेवायचे! पण दमलेला मासा खात नाही, पेंड तळाशी सडते आणि उरलासुरला प्राणवायू खाते. दुसऱ्या दिवशी शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा सारखा मिसळून चिमूटभर टाकावा, आणि मासे वर येऊन खाऊ लागले की मग वाढवावा.

पुण्याहून मुलांच्या हट्टापायी रंगीत मासे पिशवीत येतात, त्यांनाही हेच लागू. पिशवी काचेच्या टाकीत तरंगत ठेवावी, आतले पाणी टाकीत ओतू नये, त्या दिवशी टाकीवरचा दिवा बंद ठेवावा आणि पोरांना काचेवर टिचक्या मारू देऊ नये. नळाचे पाणी असेल तर एक दिवस उघड्या बादलीत ठेवून मग वापरावे, त्यातले क्लोरीन कल्ले जाळते.

राहिला मोजणीचा प्रश्न. बारीक जाळीचा, मच्छरदाणी उलटी टांगल्यासारखा चौकोनी पाळणा मिळतो, त्याला हापा म्हणतात. तो चार बांबूंना तळ्यातच बांधा. त्यात शंभर बोटुकली नीट मोजून टाका, बाकीची तळ्यात. वरून जुनी जाळी घाला, नाहीतर खंड्या ताव मारील. तीन दिवसांनी हाप्यातले जिवंत मासे मोजा. नव्वद निघाले तर हजाराचे नऊशे धरा, साठ निघाले तर सहाशे. खाद्याचा हिशेब त्या आकड्यावर करा आणि तूट मोठी असेल तर बीज देणाऱ्याकडे चिठ्ठी घेऊन त्याच आठवड्यात जा. होळीला गेलात तर तो बगळ्यांकडे बोट दाखवील. मोजून झाल्यावर हाप्यातले मासे तळ्यात सोडा, हापा धुऊन सावलीत वाळवा आणि उंदरांपासून दूर टांगून ठेवा. पुढच्या पावसाळ्यात तोच कामाला येतो.