गाठ हाताला लागते. पुढचे दिवस वाया जातात

मुंबई-गोवा महामार्ग आणि कोल्हापूरकडे जाणारा रस्ता ज्या ठिकाणी मिळतात, ते रत्नागिरी तालुक्यातील पाली हे गाव आडबाजूचे म्हणता येणार नाही. तरीही पंचक्रोशीतील एखाद्या भगिनीच्या हाताला स्तनातील गाठ लागली, तर निश्चित निदान होईपर्यंत किती दिवस जातील? स्तनांच्या कर्करोगाची चर्चा ‘स्वतःची तपासणी स्वतः करा’ या उपदेशापाशी थांबते. खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो.

भारतीय स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग हाच होय. जागतिक अंदाजानुसार २०२२ साली देशात सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया दगावल्या. मृत्यूंचे हे प्रमाण मोठे असण्याचे एक प्रमुख कारण म्हणजे उशिरा होणारे निदान.

मग दरमहा केलेली स्वयंतपासणी पुरेशी आहे काय? चीनमधील शांघाय येथे सुमारे २ लाख ६६ हजार कामगार स्त्रियांचा अभ्यास झाला. त्यांपैकी निम्म्या स्त्रियांना स्वयंतपासणीचे काटेकोर शिक्षण देण्यात आले. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार दोन्ही गटांतील मृत्यूंचे प्रमाण जवळजवळ सारखेच राहिले. साध्या गाठींच्या शस्त्रक्रिया तेवढ्या वाढल्या.

याउलट मुंबईचा अनुभव आशादायक आहे. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून झोपडपट्ट्यांतील ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांपैकी एका गटातील स्त्रियांची प्रशिक्षित आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत, हाताने तपासणी केली. या गटात रोग तुलनेने लवकरच्या अवस्थेत सापडला. २०२१ साली जाहीर झालेल्या निष्कर्षांप्रमाणे पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमधील मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. सर्व वयोगट एकत्र धरता मात्र ही घट निर्णायक ठरली नाही, हेही प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. महागड्या यंत्राविना, शिकविलेल्या हातांनी हे साधले, ही बाब ग्रामीण भागासाठी मोलाची आहे.

शासनाच्या २०१६ च्या मार्गदर्शनानुसार तीस वर्षांवरील स्त्रियांची अशी तपासणी दर पाच वर्षांनी व्हावयास हवी. प्रत्यक्षात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ३० ते ४९ वयाच्या १०० स्त्रियांपैकी जेमतेम एकीनेच स्तनांची तपासणी कधी तरी करून घेतल्याचे आढळले. योजना कागदावर आहे. ती माजघरापर्यंत पोहोचलेली नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने असे उद्दिष्ट ठेवले की, स्त्री प्रथम दवाखान्यात आल्यापासून ६० दिवसांच्या आत निदान पूर्ण व्हावे. हे ६० दिवस कोकणात कसे सरतात? घरधनी मुंबईला, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, भाताची लावणी तोंडावर आलेली. ‘गणपती होऊन जाऊ देत, मग बघू’ असे ती स्वतःच म्हणते. शिवाय गाठ बहुधा दुखत नाही. म्हणून ती निरुपद्रवी वाटते. त्यात लज्जा आणि खर्चाची धास्ती यांची भर पडते.

यासाठी स्वतःच्या शरीराची ओळख ठेवणे अगत्याचे आहे. पाळी संपल्यानंतरच्या काही दिवसांत, आणि पाळी थांबलेल्या स्त्रियांनी महिन्याची एक तारीख ठरवून, आरशात पाहावे व बोटांच्या पेरांनी स्तन आणि काख चाचपावी. गाठ, आकारातील बदल, कातडीवर पडलेली खळी किंवा संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा, आत ओढले गेलेले बोंड, त्यातून येणारा रक्तमिश्रित स्राव, यांपैकी काहीही नवीन आढळल्यास त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. पण हे ठरविणे तपासणीचे काम आहे, शेजारणीचे नव्हे.

यात कुटुंबाचा वाटा मोठा आहे. आशाताई प्रश्नावली घेऊन घरी येते, तेव्हा तिला दारातून परत न पाठविता मोकळेपणी उत्तरे द्यावीत. रत्नागिरीचे जिल्हा रुग्णालय किंवा चिपळूण तालुक्यातील डेरवणचे वालावलकर रुग्णालय गाठण्यासाठी सोबत लागते, गाडीभाडे लागते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे. त्यासाठीची कागदपत्रे जुळवून देणारा कोणीतरी लागतो. बचत गटांनी आणि महिला मंडळांनी हे काम अंगावर घ्यावे. पतीने एवढेच म्हणावे, ‘उद्याच जाऊ.’ सणवार दरवर्षी येतात. दुर्लक्षिलेली गाठ मात्र तेवढी वाट पाहत नाही.