घरचा हिशेब : सहलीच्या हप्त्यावर कर वाचत नाही



मी संध्याकाळच्या वेळी नोकरदारांची आयकराची विवरणपत्रे भरून देतो. जुलै आला की फॉर्म १६ ची पाकिटे घेऊन माणसे येतात. आकड्यांचे काम अर्ध्या तासात उरकते. वेळ लागतो तो लोकांच्या समजुती काढायला. अशीच एक समजूत आणि तिच्यापायी एका कुटुंबाला बसलेला फटका आज सांगणार आहे. त्यात माझीही चूक होती, तीही लपवत नाही.

गोष्ट जुलै २०२३ ची. महापालिकेच्या पाणीखात्यात काम करणारे एक दादा आणि त्यांच्या पत्नी आल्या. "जयभीम भाऊ, या वर्षी आमचा कर परत मिळणार बरं का!" असे म्हणत वहिनींनी एक गुळगुळीत फाईल पुढे ठेवली. बाजारात कुणीतरी कूपन भरून घेतले होते. पुढे फोन आला, "बक्षीस लागले आहे, जोडीने या." हॉटेलात चहा-नाश्ता, दोन तास गोड भाषण, आणि शेवटी हॉलिडे क्लबचे सभासदत्व गळ्यात. इंग्रजीत याला टाइमशेअर म्हणतात. दरवर्षी एक आठवडा थंड हवेच्या ठिकाणी राहायचे, असे पंचवीस वर्षे. किंमत २,४०,००० रुपये. ४०,००० लगेच, बाकीचे हप्त्याने. वार्षिक देखभाल शुल्क वेगळे. वर विक्रेत्याने सांगितले, "हा घराचाच हप्ता समजा, करातून सुटतो."

वहिनींच्या मनात काय होते? लग्न होऊन वीस वर्षे झाली, सासर-माहेर सोडून कुठे गेलो नाही. पोरांना एकदा महाबळेश्वर दाखवावे. या इच्छेत गैर काहीच नाही. कष्टकऱ्यानेही चार दिवस हौस करावी. पण करातून जे पैसे सुटतील त्यातून मुलीची नर्सिंगची फी भरायची, असा त्यांनी हिशेब मांडला होता.

दारात आणखी चार माणसे थांबली होती. मी फाईल चाळली, "हे करात बसत नाही" म्हणालो आणि परत दिली. का बसत नाही, ते सांगितले नाही. दोघे हिरमुसून गेले. ही माझी चूक. ज्याला नुसते "नाही" ऐकायला मिळते, तो "हो" म्हणणाऱ्याच्या शोधात निघतो.

असा माणूस त्यांना आठवड्यात भेटला. "रिफंड काढून देतो, त्यातले दहा टक्के माझे," असा त्याचा धंदा. दादांचा वर्षाचा पगार ७,६०,००० रुपये. त्यातून प्रमाणित वजावट ५०,०००, व्यवसायकर २,५०० आणि भविष्यनिर्वाह निधी वगैरेचे ६०,००० गेले की उरतात ६,४७,५००. त्यावर त्या वर्षीचा कर ४३,६८० रुपये, आणि तो पगारातून कापून गेलेला. त्या माणसाने क्लबच्या हप्त्याला गृहकर्जाचे व्याज म्हटले आणि रक्कम टाकली १,४७,५००. वर्षाचे हप्ते याच्या निम्मेही नव्हते. मग एवढाच आकडा का? कारण त्याने उत्पन्न बरोबर पाच लाखांवर येते, आणि तेव्हा पाच लाखांपर्यंत कर लागत नव्हता. सगळेच्या सगळे ४३,६८० परत आले. फी भरली गेली. वहिनींनी पेढे वाटले. मलाही एक दिला.

ऑगस्ट २०२५ मध्ये दादा एकटेच आले. मोबाईलवर आयकर खात्याचा संदेश होता : आपली वजावट तपासून घ्या. त्याआधी १४ जुलै २०२५ रोजी खात्याने देशभर दीडशे ठिकाणी अशा खोट्या वजावटी दाखवणाऱ्यांची झडती घेतली होती. आधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी आपले १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतले, असे खात्याने त्या वेळी सांगितले.

आता त्या दिवशी जे सांगायला हवे होते, ते आज सांगतो.

पहिली समजूत : "हा घराचा हप्ता आहे." नाही. गृहकर्जाच्या व्याजाची सूट घराच्या मालकाला मिळते. क्लबचा सभासद मालक होत नाही, त्याला फक्त वापराचा हक्क मिळतो. करारात "मालकी" हा शब्द शोधा, सापडणार नाही.

दुसरी समजूत : "एलटीएमध्ये दाखवता येईल." रजा-प्रवास भत्त्याची सूट मालकाने तो भत्ता दिला असेल तरच, आणि तीही जुन्या करपद्धतीत, भारतातल्या प्रवासाच्या भाड्यापुरती. चार वर्षांच्या गटात दोन प्रवास. खोलीचे भाडे, जेवण, क्लबचे शुल्क यात येत नाही.

तिसरी समजूत : "विकून तोटा झाला तर तो पगारातून वजा होईल." भांडवली तोटा पगाराच्या उत्पन्नातून वजा होत नाही.

ही समजूत फक्त आपल्याकडचीच आहे असे नाही. टाइमशेअरचा धंदा अमेरिकेत फार मोठा आहे, आणि तिथेही विवरणपत्र भरणाऱ्यांना हेच समजावत बसावे लागते. तिथे आठवड्याची खरेदी मालकी हक्काने नोंदलेली असेल आणि कर्ज त्याच मालमत्तेवर असेल, तर दुसरे घर म्हणून व्याजाची सूट काही अटींवर मिळते. पण देखभाल शुल्काची मिळत नाही. स्वतःच्या सहलीसाठी घेतलेला हक्क तोट्यात विकला तरी मिळत नाही. आपला आठवडा धर्मादाय संस्थेला वापरायला दिला, तरीही नाही.

आणखी एक गोष्ट. २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी नव्या करपद्धतीत १२,७५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्याला करच पडत नाही. आपल्यातली बहुतेक घरे याच्या आत आहेत. ज्याला कर नाही, त्याचा कर वाचवणार काय? यापुढे कोणी "कर वाचतो" म्हणून काही विकायला आला, तर आधी आपला कर किती आहे ते पाहा. शून्य असेल तर त्याला दारातूनच निरोप द्या.

दादांचे पुढे काय झाले? आम्ही अद्ययावत विवरणपत्र भरले. ४३,६८० परत करायचे, त्यावर व्याज, आणि मुदत उलटून गेल्याने या दोन्हींच्या बेरजेवर ५० टक्के ज्यादा. एकट्या कराचेच ६५,५२० झाले, व्याज वेगळे. खात्याने स्वतः पकडले असते तर दंड कराच्या दुप्पट होऊ शकला असता. वहिनींची पाटली गहाण पडली. दहा टक्के घेणाऱ्याचा फोन लागत नाही. सही दादांची होती, म्हणून जबाबदारीही त्यांचीच.

म्हणून तीन गोष्टी सांभाळा. विवरणपत्र कोणाकडूनही भरा, पण मोबाईल आणि ई-मेल आपलाच घाला. पुष्कळदा ही माणसे स्वतःचा ई-मेल घालतात आणि नोटीस आपल्यापर्यंत पोहोचतच नाही. रिफंडवर टक्केवारी मागणाऱ्याकडे जाऊ नका. आणि भरलेल्या विवरणपत्राची प्रत घरी आणून शिकलेल्या मुलामुलींकडून वाचून घ्या.

क्लबच्या विक्रेत्याने तोंडी थापा मारल्या असतील तर ग्राहकांसाठी १९१५ हा सरकारी दूरध्वनी आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी नाही. दादांनी तक्रार केली आहे, निकाल यायचा आहे.

महाबळेश्वर मात्र त्यांनी या हिवाळ्यात पाहिले. एसटीने गेले, साध्या लॉजवर दोन रात्री राहिले, रोख पैसे दिले. वहिनी म्हणाल्या, "भाऊ, याचा हप्ता नाही." मी आता कुणालाही नुसते "नाही" सांगत नाही. दारात माणसे थांबली तर थांबू देतो.