पाठीमागचं बोलणं

एमिली ब्रेझा आणि अरुण चंद्रशेखर या अर्थतज्ज्ञांनी कर्नाटकातल्या 60 गावांत एक प्रयोग केला. सहा महिन्यांत किती पैसे साठवायचे, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. त्यातल्या काही जणांच्या बचतीची खबर गावातल्याच दुसऱ्या एखाद्या माणसाला वेळोवेळी दिली जाई. ज्यांची खबर अशी दिली गेली, त्यांची बचत सरासरी 36 टक्क्यांनी वाढली. खबर मिळणाऱ्याची गावात ऊठबस जितकी मोठी, तितकी ही वाढ जास्त. खबर मिळणाऱ्यांपैकी 63 टक्क्यांनी ऐकलेलं पुढे कुणाला तरी सांगितलं होतं. प्रयोग संपून पंधरा महिने झाल्यावर पाहिलं, तर कोण किती जबाबदार याबद्दलचं गावाचं मतही त्या बोलण्यानुसार बदललेलं होतं.

चारचौघांत आपलं नाव कसं निघेल, या विचारानं माणसं पैसे राखू लागली. ज्याच्याकडे तारण ठेवायला जमीन नाही, सोनं नाही, त्याला वाण्याकडे उधारी मिळते किंवा भिशीत जागा मिळते ती याच भरवशावर. त्याच्या गैरहजेरीत लोक त्याच्याबद्दल काय बोलतात, हीच त्याची मालमत्ता.

तरीही कुचाळक्यांचं खापर फुटतं ते बायकांच्या डोक्यावर. नळावर, पिठाच्या गिरणीत, जिन्यात दोघी बोलत उभ्या राहिल्या की शेरेबाजी सुरू होते. पुरुष पानटपरीवर तेच बोलले, तर ती गावची चर्चा ठरते. हा अन्याय आहे, आणि तो खोट्या समजुतीवर उभा आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड इथल्या संशोधकांनी 467 जणांच्या रोजच्या संभाषणांचे ध्वनिमुद्रित तुकडे तपासले आणि 2019 मध्ये निष्कर्ष मांडले. गैरहजर माणसाबद्दलचं बोलणं दिवसाला सरासरी 52 मिनिटं भरलं. त्यातलं जवळपास तीन चतुर्थांश बोलणं ना स्तुतीचं होतं ना निंदेचं. आणि निंदानालस्तीत बायका पुरुषांच्या पुढे नव्हत्या.

निंदेचाही उपयोग असतो. मॅथ्यू फाइनबर्ग, रॉब विलर आणि मायकेल शुल्ट्झ यांनी 216 जणांना गट पाडून पैशांचा एक खेळ खेळायला लावला. त्याचे निष्कर्ष 2014 मध्ये प्रसिद्ध झाले. सामाईक गल्ल्यात किती टाकायचं ते प्रत्येकानं ठरवायचं. गट बदलताना आधीच्या गड्याबद्दल नव्या गटाला सांगता येई, आणि नकोसा वाटलेला गडी वगळताही येई. अपेक्षेप्रमाणे आपमतलबी लोक वगळले गेले. खरी महत्त्वाची गोष्ट पुढे घडली. खेळात परत घेतल्यावर ही माणसं इतरांइतकाच वाटा उचलू लागली.

परतीची ही वाट नसेल, तर तेच बोलणं माणसाला संपवतं. जर्मनीतल्या प्लोन इथल्या राल्फ सोमरफेल्ड आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये पैशांच्याच एका खेळातून दाखवून दिलं, की समोरच्या गड्यानं आधी काय केलं याची खरी नोंद हाती असतानाही ऐकीव शेऱ्यानं लोकांचा निर्णय हलतो. पुरावा डोळ्यांपुढे असताना ही गत, मग पुरावाच नसेल तेव्हा?

1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजार होता. मुलं पळवणारी टोळी फिरत असल्याच्या अफवेवरून जमावानं नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना ठेचून मारलं. भिक्षा मागत मुलूख फिरणारी, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडची ही माणसं. आपल्या भागात त्यांना नावानिशी ओळखणारे होते. शेकडो किलोमीटर दूरच्या बाजारात त्यांच्यासाठी कोण शब्द टाकणार?

पण केवळ ओळख असली म्हणजे माणूस वाचतो, असंही नाही. सातपुड्यातल्या गावांत डाकीण ठरवली गेलेली बाई गावाला जन्मभर ओळखीची असते. जातपंचायत ज्या कुटुंबाला वाळीत टाकते, ते तर नात्यातलंच. तिथे आधी बोलणंच तोडलं जातं. वाळीत टाकलेल्याशी जो बोलेल त्यालाही दंड, असा फतवा निघतो. मग लग्नाला बोलावणं नाही, मयताला खांदा नाही, आणि आपली बाजू ऐकवायला कानही नाहीत. महाराष्ट्रानं सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 चा स्वतंत्र कायदा केला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंडाची तरतूद आहे. असा कायदा करावा लागला यातच या क्रौर्याची खोली दिसते.

याच महाराष्ट्रात महिला बचत गटांनी वेगळी घडी बसवली आहे. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेबाच्या नोंदी ही त्यांची पंचसूत्री. पैसे सगळ्यांसमोर मोजले जातात, वहीत लिहिले जातात. कुणाचा हप्ता चुकला तर गल्लीत कुजबुज होणारच. पण बैठकीत तिला तोंडावर विचारलंही जातं. नवऱ्याचं दुखणं असो की बुडालेली मजुरी, तिला ते स्वतःच्या तोंडानं सांगता येतं, आणि मुदत वाढवायची की नाही हे तिच्यादेखत ठरतं. बँकाही गटाला कर्ज देण्याआधी बैठका वेळेवर होतात का आणि वह्या नीट लिहिल्या आहेत का, हे पाहतात.