चारा हें पीक माना : हत्तीगवताविषयीं एक विनंती

मृगाचें नक्षत्र जवळ आलें म्हणजे आपल्या मंडळींत बोलणें निघतें तें सरकीच्या बियाण्याचें, मक्याच्या वाणाचें, खताच्या भावाचें आणि पीकविम्याचें. पुढच्या उन्हाळ्यांत गुरें काय खातील, हा प्रश्न त्या बैठकींत सहसा निघत नाहीं. तो निघतो फाल्गुन-चैत्रांत, म्हणजे उत्तर देण्याची वेळ टळून गेल्यावर. ज्यांच्या विहिरीस बेताचें कां होईना पण पाणी आहे, अशा प्रत्येक खातेदारानें निदान दहा गुंठे जमीन हत्तीगवताखालीं कायमची घालावी आणि चाऱ्यास कापूस-मक्याइतकेंच पीक समजावें, अशी विनंती करण्याकरितां हा लेख लिहिला आहे.

पूर्वीं असा विचार वेगळा करावा लागत नसे. ज्वारी पेरली कीं माणसास भाकर व जनावरास कडबा, अशा दोन्ही गोष्टी एकाच पेरणींत साधत. बाजरीचें सरमाड, गव्हातुरीचें भूस व भुईमुगाचा पाला यांची तींत भर पडे. 2002 सालीं बीटी कापसास परवानगी मिळाली, तेव्हांपासून कापूस पसरत गेला. बरोबरीनें मका व सोयाबीन यांनीं जागा घेतली. कापसाच्या पऱ्हाट्या चुलीच्या उपयोगाच्या. सोयाबीनचें भूस थोडें. मक्याचा कडबा वाळला म्हणजे कठीण होतो आणि कुट्टी केल्यावांचून गुरें त्याचीं खोडें टाकून देतात. आपण पीक बदललें, पण ज्वारीच्या कडब्याची जागा कशानें भरून काढावयाची, हें मात्र ठरविलें नाहीं.

दुसरा आधार गायरानाचा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 हिच्या कलम 22 अन्वयें गांवच्या गुरांच्या मोफत चराईसाठीं जमीन राखून ठेवतां येते, व जिल्हाधिकाऱ्याच्या मंजुरीवांचून तिचा दुसरा उपयोग करतां येत नाहीं. 28 जानेवारी 2011 रोजीं सर्वोच्च न्यायालयानें पंजाबांतील एका खटल्याचा निकाल देतांना गांवच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणें काढण्याची योजना आखण्याविषयीं सर्व राज्यांस निर्देश दिले. इतकें असूनहि पुष्कळ गांवीं गायरान कागदावर जितकें आहे तितकें जमिनीवर सांपडत नाहीं, आणि जें सांपडतें त्यावर कुसळी गवत व टणटणी यांचें राज्य असतें. गायरान राखलें पाहिजे यांत वाद नाहीं. पण तें सुधारेपर्यंत गुरें उपाशी ठेवतां येत नाहींत.

तिसरा आधार सरकारी छावणीचा. 1972 चा दुष्काळ वडील मंडळींच्या तोंडून आपण ऐकला. 2012-13 व 2018-19 हीं सालें तर आपण सर्वांनीं डोळ्यांनीं पाहिलीं. 2019 सालच्या छावण्यांत मोठ्या जनावरामागें दररोज 90 रुपये व पुढें 100 रुपये अनुदान दिलें जात होतें. सरकारनें आपल्या परीनें केलें, हें मान्य करावें. परंतु महसूल खात्यांत ज्यांनीं टंचाईचे कागद हाताळले आहेत, त्यांस एक गोष्ट ठाऊक आहे. छावणी मंजूर होण्यास अहवाल, पाहणी, आणेवारी व आदेश इतक्या पायऱ्या चढाव्या लागतात, आणि जनावराचें पोट आदेशाची वाट पाहत नाहीं. तेवढ्या अवधींत कित्येकांनीं बैलजोडी बाजारांत नेऊन मिळेल त्या किंमतीस विकलेली असते. तीच जोडी पुढच्या ज्येष्ठांत परत घ्यावयाची म्हटली तर भाव दुपटीचा ऐकावा लागतो, आणि तो भरण्यासाठीं सावकाराचें दार गांठावें लागतें. चाऱ्याच्या टंचाईनें शेतकरी कर्जांत उतरतो तो या वाटेनें.

आतां हत्तीगवताकडे वळूं. हें गवत मूळचें आफ्रिका खंडाच्या उष्ण भागांतलें. दक्षिण ऱ्होडेशियांतील, म्हणजे आजच्या झिंबाब्वेंतील, बुलावायो येथील कर्नल नेपियर यांनीं त्याचा पुरस्कार केला म्हणून त्यांचें नांव त्यास मिळालें. आपल्या देशांत तें 1912 सालीं आलें. पुढें बाजरीशीं त्याचा संकर करून अधिक पालेदार व गोड वाण काढण्यांत आले. राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाचे यशवंत व जयवंत, उरुळीकांचनच्या बाएफ संस्थेचा बी. एन. एच. 10 आणि कोइमतूरच्या विद्यापीठाचे को-4 व को-5 हे वाण आपल्याकडे परिचयाचे आहेत. संकरित वाणास उगवण्याजोगें बीं धरत नाहीं. त्यामुळें तें तणासारखें शेतभर पसरत नाहीं, व लागवड कांड्यांनीं किंवा मुळ्या असलेल्या ठोंबांनींच करावी लागते. हा गुणच समजावा. एका शेजाऱ्याकडे गवत असलें म्हणजे सबंध गांवास बियाणें फुकट मिळूं शकतें.

दहा गुंठेच कां, याचा हिशेब असा. पाणी व खत असल्यास या गवताचें हेक्टरीं 100 टनांपासून 200 टनांपर्यंत हिरवें उत्पन्न वर्षाकाठीं येतें. आपण खालचाच आंकडा धरूं. हेक्टर म्हणजे जवळजवळ 100 गुंठे. अर्थात् गुंठ्यास एक टन व दहा गुंठ्यांस 10 टन. त्यास 365 नीं भागल्यास रोजचे सुमारे 27 किलो होतात. जोडीला थोडा कडबा व मूठभर पेंड असेल तर एका बैलजोडीचा किंवा दोन गाईंचा वर्षाचा हिरवा चारा एवढ्यांत भागतो. मळा चांगला राखला तर यापेक्षां अधिक मिळेल. पण घराचा हिशेब नेहमीं कमी आंकड्यावर बांधावा.

लागवड पावसाळ्याच्या आरंभीं करावी. पाणी असल्यास फेब्रुवारी-मार्चांतहि चालते. दोन डोळ्यांचें कांडें घेऊन एक डोळा मातींत व एक वर राहील असें तिरपें लावावें. दोन ओळींत 3 फूट व दोन ठोंबांत 2 फूट अंतर ठेवावें. गुंठा म्हणजे 33 फूट लांब व 33 फूट रुंद, 1,089 चौरस फूट. म्हणून गुंठ्यास सुमारे 180 व दहा गुंठ्यांस सुमारे 1,800 ठोंब लागतात. लागवडीपूर्वीं दोन-तीन गाड्या कुजलेलें शेणखत घालावें. पहिली कापणी सुमारे अडीच महिन्यांनीं, व पुढें दर दीड-दोन महिन्यांनीं करावी. विळा जमिनीपासून चार ते सहा इंच वर चालवावा. अगदीं मातीशीं कापल्यास फुटवे मरतात. प्रत्येक कापणीनंतर दहा गुंठ्यांस पांच-साडेपांच किलो युरिया देऊन लगेच पाणी द्यावें. थंडीच्या दिवसांत वाढ मंदावते, त्यास उपाय नाहीं. तीन-चार वर्षांनीं ठोंब दाटले म्हणजे ते उपटून नवे लावावेत.

येथें एक आक्षेप येतो व तो खरा आहे. हें गवत पाणी पितें. दहा गुंठ्यांस दोन इंच पाणी देणें म्हणजे सुमारे 50 हजार लिटर पाणी, आणि उन्हाळ्यांत अशी पाळी दर दहा-बारा दिवसांनीं द्यावी लागते. मग दुष्काळांत हें पाणी आणावयाचें कोठून? माझें उत्तर असें आहे कीं, या गवताकडून उन्हाळ्यांत पीक घेण्याचा हट्ट धरूं नये. पावसाळ्यांत तें गुरांच्या गरजेपेक्षां अधिक वाढतें. तें जास्तीचें गवत कापून एक दिवस सुकवावें, कुट्टी करावी, थोडें गुळाचें पाणी शिंपडून खड्ड्यांत दाबून भरावें व हवा जाणार नाहीं असें झांकावें. दीड महिन्यांत मुरघास तयार होतो. 8 फूट लांब, 6 फूट रुंद व 5 फूट खोल खड्डा 240 घनफुटांचा होतो. घनफुटास 15 किलो धरल्यास त्यांत 3,600 किलो मुरघास मावतो. रोज 30 किलो काढला तरी 120 दिवस, म्हणजे फेब्रुवारीपासून मेअखेरपर्यंत, तो पुरतो. गवत सुकल्यानें वजन घटतें, हें मात्र भरतांना ध्यानांत ठेवावें. विहीर आटली तर एप्रिलपासून पाणी तोडावें. पाने वाळतील, पण मुळ्या खोल असल्यानें जमलेले ठोंब सहसा मरत नाहींत व पहिल्या पावसाबरोबर पुन्हां फुटतात. ज्यांच्याजवळ विहीरच नाहीं त्यांनीं या गवताच्या मागें लागूं नये. त्यांच्या हलक्या माळास अंजन गवत किंवा मारवेल अधिक चांगलें.

खाऊं घालण्याविषयीं दोन सूचना. या गवतांत ऑक्झॅलिक आम्ल असतें, व कोवळ्या पाल्यांत तें अधिक असतें. तें अंगांतील चुना बांधून ठेवतें. म्हणून फार कोवळें कापूं नये, व एकटें हेंच गवत महिनोन् महिने घालूं नये. लसूणघास, चवळी किंवा दशरथ गवत यांचा तिसरा हिस्सा व कांहीं कोरडा चारा मिसळावा, आणि दुभत्या जनावरास खनिज मिश्रण द्यावें. दुसरें, पावसानें ताण दिलेल्या व युरिया भरपूर पडलेल्या गवतांत नत्राचें विषारी द्रव्य सांठण्याचा धोका असतो; असें गवत भुकेल्या जनावरापुढें एकदम टाकूं नये.

मका करणाऱ्यांस आणखी एक लाभ आहे. 2018 सालीं आपल्या देशांत शिरलेल्या अमेरिकन लष्करी अळीनें मक्याचें काय केलें, हें सिल्लोड, कन्नड व फुलंब्रीकडील वाचकांस सांगावयास नको. मक्याच्या भोंवतीं या गवताच्या तीन-चार ओळी सांपळा म्हणून लावाव्या व त्यांवर अळीचीं चिन्हें दिसतांच 5 टक्के निंबोळी अर्क फवारावा, अशी शिफारस तज्ज्ञांनीं केली आहे. केनियांतील लहान शेतकरी मक्याच्या खोडकिडीसाठीं अशीच युक्ति योजतात. परंतु या ओळी सामाईक बांधावर कधींहि लावूं नयेत. गवत वाढलें कीं सावली शेजाऱ्यावर पडते, मुळ्या त्याच्या सरींत शिरतात, आणि चाऱ्याच्या कामाचें पर्यवसान मोजणीच्या अर्जांत होतें. बांधापासून चार-पांच फूट आंत, आपल्याच जमिनींत लावावें. पीक पाहणीच्या वेळीं गाव नमुना 12 मध्यें या क्षेत्राची नोंदहि अवश्य करावी. ज्याची नोंद नाहीं त्या पिकाचा विचार योजना आंखतांना कोणी करीत नाहीं.

अलीकडे या गवतापासून वायुइंधन करण्याच्या गोष्टी ऐकूं येतात, आणि आगाऊ रक्कम घेऊन ठोंब देणारे व सर्व गवत विकत घेऊं म्हणणारे लोक भेटतात. उद्योग खरा असेल तर आनंद आहे. पण कारखाना उभा आहे काय, तो किती मैलांवर आहे, वाहतूक कोणाकडे, व भाव लेखी दिला आहे काय, हें विचारल्याशिवाय एक रुपयाहि देऊं नये. हिरव्या गवतांत बहुतेक भाग पाण्याचाच असतो. तें लांब नेऊन विकण्यांत भाड्यापुरतेंहि उरणें कठीण. आपल्या गोठ्याइतकें जवळचें गिऱ्हाईक या गवतास दुसरें नाहीं.

शेवटीं मंडळाच्या चालकांस एक सूचना आहे. प्रत्येक गांवीं एका सभासदाच्या विहिरीवर एक गुंठ्याचा ठोंबांचा मळा मंडळानें ठेवावा. मागेल त्यास ठोंब विनामूल्य द्यावेत, आणि घेणाऱ्यानें पुढल्या पावसाळ्यांत दुप्पट ठोंब दुसऱ्या दोघांस द्यावेत, एवढीच अट असावी. यास अनुदान लागत नाहीं व प्रस्तावहि लागत नाहीं. ज्यांच्या घरीं गुरें आहेत त्यांनीं कापसाचें बियाणें आणण्यापूर्वीं आपल्या विहिरीजवळचे दहा गुंठे मोजून खुंट्या माराव्यात, ही विनंती.

— एक निवृत्त महसूल लेखनिक, पुंडलिकनगर, छत्रपति संभाजीनगर