ओढ्याच्या दोन तीरांवरचे गाव

सीमा दोन प्रकारच्या असतात, एक नैसर्गिक व दुसरी मानवनिर्मित, असे भूगोलाच्या तासाला आम्ही मुलांना सांगत आलो. एकदा पाचवीतल्या एका मुलाने विचारले, “गुरुजी, आपण सीमा आहोत हे ओढ्याला कसे कळते?” वर्ग हसला, मीही हसलो. परंतु त्या प्रश्नाचे खरे उत्तर मला पुढे जर्मनीतील एका चिमुकल्या खेड्याच्या इतिहासात सापडले. सुज्ञ वाचकांस आज त्याच गावाचा परिचय करून द्यावयाचा आहे.

गावाचे नाव म्योडलारॉइट. वस्ती जेमतेम पन्नास माणसांची. भोवती शेते, कुरणे आणि मधून वाहणारा टानबाख नावाचा ओढा. इतका अरुंद, की धडधाकट पोराने उडी मारून ओलांडावा. 1810 साली या ओढ्याच्या काठाने सीमेचे दगड रोवले गेले. पश्चिमेचा भाग बव्हेरियाच्या राज्यात, पूर्वेचा रॉइस या छोट्या संस्थानात गेला. 1920 मध्ये थुरिंगिया हा प्रांत निर्माण झाला व पूर्वभाग त्यात आला.

ग्रामस्थांचे मात्र यामुळे काहीच अडले नाही. शाळा आणि खानावळ थुरिंगियाच्या बाजूस होती; दोन्ही तीरांवरची मुले तेथेच शिकत आणि वडीलधारी मंडळी संध्याकाळी तेथेच जमत. प्रार्थनेसाठी सारा गाव बव्हेरियातील शेजारच्या ट्योपन गावी जाई. दगड होते, पण ते कोणाच्या पायांत येत नव्हते.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटले. थुरिंगिया सोव्हिएत रशियाच्या अंमलाखाली गेला, बव्हेरिया अमेरिकेच्या. 1949 मध्ये दोन जर्मन राष्ट्रे अस्तित्वात आली आणि तो इवलासा ओढा दोन प्रांतांचीच नव्हे, तर दोन जगांची सीमा झाला. 1952 च्या मे महिन्यात पूर्व जर्मनीच्या सरकारने सीमेलगत दहा मीटर रुंदीचा पट्टा नांगरून मोकळा केला. त्यामागे पाचशे मीटरांचा संरक्षित पट्टा आणि पाच किलोमीटरपर्यंत निर्बंधित प्रदेश आखला. ज्यांच्या निष्ठेविषयी सरकारास शंका होती, अशी सीमाभागातील कित्येक कुटुंबे घरादारासह उठविली गेली. गावात आधी फळ्यांचे कुंपण आले, मग काटेरी तार आली आणि 1966 साली सुमारे सातशे मीटर लांबीची, तीन मीटरांहून उंच अशी काँक्रीटची भिंत उभी राहिली. अमेरिकन सैनिक या गावास ‘छोटे बर्लिन’ म्हणू लागले.

भिंतीहूनही कठोर होता तो नियम. पूर्वेकडील माणसाने पलीकडच्या माणसाला हात हलवून दाखविण्याचीही मनाई होती! काल ज्याच्याशी एका बाकावर बसून धडे गिरविले, तो सख्खा शेजारी दिसत असूनही त्याला न ओळखल्यासारखे करावयाचे. विरहाची वर्णने आपल्या काव्यात पुष्कळ आहेत, पण विरह बहुधा अंतराने येतो. येथे अंतर उडीभर होते आणि विरह जवळजवळ चाळीस वर्षांचा.

9 नोव्हेंबर 1989 रोजी बर्लिनची भिंत मोकळी झाली, पण म्योडलारॉइटला आणखी महिनाभर वाट पाहावी लागली. 9 डिसेंबर रोजी पादचाऱ्यांसाठी तेथे वाट उघडली आणि 17 जून 1990 रोजी यंत्राने भिंत पाडण्यास आरंभ झाला. तिचा एक भाग मुद्दाम राखून ठेवला असून आज तेथे संग्रहालय आहे.

आता वाचकांस वाटेल, की गाव पुन्हा एक झाले. नाही! ते आजही दोन प्रांतांत आहे. एक भाग बव्हेरियातील ट्योपनच्या कारभारात, दुसरा थुरिंगियातील गेफेलच्या. नगराध्यक्ष दोन, टपालाचे क्रमांक दोन, दूरध्वनीचे क्रमांकही वेगळे. एवढेच काय, भेटल्यावर नमस्कार करण्याचे शब्दही एका तीरावर एक, दुसऱ्यावर दुसरे. सीमा जागच्या जागी आहे. तिची दहशत मात्र संपली आहे.

आपण महाराष्ट्राबाहेर राहणारी माणसे. कोणाचे माहेर एका राज्यात, सासर दुसऱ्या राज्यात. आपल्या राज्यसीमांची तुलना त्या भिंतीशी करणे सर्वथा अनुचित ठरेल, कारण आपल्या लेकीसुनांची वाट कोणी बंदूक घेऊन अडविलेली नाही. तरीही या गावापासून घेण्याजोगा एक धडा आहे. रेषा कोठून गेली यापेक्षा, रेषेपलीकडच्या माणसाला हाक मारता येते की नाही, यावर माणसांचे सुखदुःख अधिक अवलंबून असते. दगड 1810 मध्येही होते. त्यांच्यामुळे शाळा तुटली नव्हती. ती तुटली शासनाच्या भयामुळे.

त्या पाचवीतल्या मुलास आज मी उत्तर देईन, “बाळ, ओढ्याला ते कधीच कळत नाही. म्हणून तर तो दोन्ही तीर सारखेच भिजवतो.”