प्रत्येक दुखण्यावर ८.८.८.८ ची गोळी नको

कुठलं बटण कुठे आहे ते व्हिडिओत दाखवलंय, ते सगळं इथे परत लिहीत बसत नाही. इथे मला माझं मत मांडायचंय, आणि आपल्या भागातल्या काही कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्यांना ते आवडणार नाही.

मत असं आहे. दुकानात किंवा युनिटमध्ये दोन-तीन नेट जोडण्या असतील, तर नेट अडकलं की प्रत्येक मशीनमध्ये, प्रत्येक अडॅप्टरवर ८.८.८.८ टाकून मोकळं होणं ही दुरुस्ती नव्हे. आज पेज उघडतं, मुलगा पैसे घेऊन जातो, आणि पुढच्या महिन्यात वीस तारखेला जीएसटीआर-३बी भरताना तुम्ही त्यालाच परत फोन लावता. तो उचलत नाही, कारण त्या दिवशी त्याला सगळेच फोन लावत असतात.

विठ्ठलवाडीपासून बदलापूरपर्यंत कुठल्याही छोट्या धंद्याचं टेबल बघा. एक फायबर, गल्लीतल्या नेटवाल्याकडून. रस्ता खोदला की ती तुटणार हे गृहीत धरून मोबाईलचा हॉटस्पॉट किंवा डोंगल. आणि अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत मोठ्या कंपनीचं जॉबवर्क करत असाल, तर त्या कंपनीनं दिलेलं व्हीपीएन. म्हणजे एका कॉम्प्युटरला बाहेर जायला तीन दरवाजे. आणि प्रत्येक दरवाज्यावर पत्ते सांगणारा वेगळा माणूस बसलाय, तो म्हणजे डीएनएस. नेमकं हेच कोणी समजावून सांगत नाही.

पत्ता सांगणारा म्हणजे काय? तुम्ही बँकेच्या साईटचं नाव टाइप करता, पण कॉम्प्युटरला आकडा लागतो. नाव देऊन आकडा आणणं, एवढंच डीएनएसचं काम. आता गंमत बघा. कल्याण स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला 'विठ्ठलवाडी' म्हणालात तर तो तुम्हाला इकडे आणेल. तेच पुण्यात स्वारगेटला म्हणालात तर तुम्ही सिंहगड रोडवर, मुठेच्या काठी विठ्ठल मंदिराशी उतराल. दोन्ही रिक्षावाले खरं बोलतायत. नाव एकच, उत्तर कोणाला विचारलं त्यावर. ही गोष्ट डोक्यात बसली की अर्धं काम झालं.

(जुन्या काळी जगभरच्या नेटवर्कची नावं एकाच फाईलमध्ये असायची, अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ती सांभाळली जायची. यादी आवरेना म्हणून १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस मांडलं. त्या फाईलचा वंशज 'होस्ट्स' नावानं आजही तुमच्या विंडोजमध्ये आहे. व्हायरस त्यातही हात घालतात, तेव्हा तीही कधी उघडून बघा.)

आता मुद्दा. विंडोजमध्ये डीएनएस सेटिंग कॉम्प्युटरला नसतं, जोडणीला असतं. लॅन केबलचं वेगळं, वायफायचं वेगळं, व्हीपीएनचं वेगळं. 'मी डीएनएस बदलला' म्हणणाऱ्याला पहिला प्रश्न विचारा, 'कुठल्या जोडणीचा?' वायफायमध्ये तर दोन जागा आहेत. विंडोज ११ मध्ये त्या एका नेटवर्कच्या प्रॉपर्टीजमध्ये बदल करता येतो आणि हार्डवेअर प्रॉपर्टीजमध्येही. हार्डवेअरमध्ये केलेला बदल सगळ्या वायफायना लागतो आणि दुसऱ्या जागेचं मग चालत नाही. मुलगा एका जागी टाकून गेलेला असतो, तुम्ही दुसऱ्या जागी शोधत बसता. वर आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ यांची खाती वेगळी. आपल्याकडे मोबाईल नेट मोठ्या प्रमाणात आयपीव्ही६ वर चालतं. त्यामुळे फक्त आयपीव्ही४ मध्ये आकडे भरले, तर तुम्ही अर्धंच काम केलंत.

दोन जोडण्या एकदम चालू असतील तर विंडोज कोणाला विचारतं? प्रत्येक जोडणीला 'मेट्रिक' नावाचा आकडा असतो, कमी आकडा म्हणजे आधी मान. वायरचा बहुतेक वेळा वायफायपेक्षा कमी असतो. पण विंडोज ८ पासून अजून एक भानगड आली. वेळ वाचावा म्हणून विंडोज नाव विचारताना सगळ्या जोडण्यांवर एकाच वेळी विचारू शकतं. घरी हे बरं. व्हीपीएन असलेल्या ऑफिसात याचा अर्थ असा, की कंपनीच्या आतल्या सर्व्हरचं नाव तुमच्या गल्लीतल्या नेटवाल्याच्या डीएनएसलाही विचारलं जाऊ शकतं. चांगलं व्हीपीएन सॉफ्टवेअर हे रोखतं. पण तुमचं रोखतं का, हे कंपनीच्या आयटीवाल्याला विचारायला लाजू नका. त्याचा पगार त्यासाठीच आहे.

आता तो गैरसमज, जो मला सगळ्यात जास्त दिसतो. डीएनएसच्या दोन रकाने असतात, 'प्रेफर्ड' आणि 'अल्टरनेट'. बहुतेकांना वाटतं, पहिल्याला नाव माहीत नसेल तर कॉम्प्युटर दुसऱ्याला विचारेल. तसं होत नाही! पहिल्यानं उत्तरच दिलं नाही, गप्प बसला, तरच दुसऱ्याकडे जातात. 'असं नाव नाही' हेसुद्धा उत्तरच आहे, आणि कॉम्प्युटर ते मान्य करून थांबतो. म्हणून एका रकान्यात कंपनीचा डीएनएस आणि दुसऱ्यात ८.८.८.८ टाकून 'दोन्हीकडचं चालेल' असं समजणं चुकीचं. कंपनीचा क्षणभर गप्प बसला की प्रश्न गूगलकडे जातो, गूगल प्रामाणिकपणे 'असं नाव नाही' म्हणतं, आणि तुमचं ईआरपी उघडत नाही. दहा मिनिटांनी आपोआप उघडतं. मग तुम्ही म्हणता, नेट भुताटकीचं आहे.

समजा, उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये तुमचं जीन्सचं युनिट आहे. नेटवाल्यानं सुरुवातीला त्याच्या कंपनीचे डीएनएस आकडे तुमच्या लॅपटॉपच्या वायफायमध्ये हातानं भरून दिले. वर्षभर छान चाललं. मग फायबर तुटली, तुम्ही हॉटस्पॉटवर गेलात. वायफायचं चिन्ह दिसतंय, 'कनेक्टेड' म्हणतंय, एकही साईट उघडत नाही आणि ट्रक ई-वे बिलासाठी दारात उभा. कारण? बऱ्याच नेट कंपन्यांचे डीएनएस फक्त स्वतःच्या ग्राहकांना उत्तर देतात. तुम्ही दुसऱ्या कंपनीच्या नेटवरून पहिल्या कंपनीच्या माणसाला पत्ता विचारताय, तो तोंड फिरवणारच. इथे सेटिंग 'ऑटोमॅटिक' असतं तर हॉटस्पॉटनं स्वतःचा पत्ता सांगणारा दिला असता आणि बिल दोन मिनिटांत निघालं असतं.

हे ओळखायची सोपी खूण आहे. काळ्या खिडकीत पिंग ८.८.८.८ करा (आकडे अर्थातच इंग्रजीत). उत्तर येतंय, पण नावानं साईट उघडत नाही, तर बहुधा दुखणं डीएनएसचं. पिंगलाही उत्तर नसेल तर बहुधा लाईनच गेलीय, डीएनएसला हात लावू नका. आणि फायबर बाहेर कुठेतरी तुटली असेल तर राउटर मात्र जिवंतच असतो. कॉम्प्युटरला वाटतं वायर चालू आहे, आणि तो हॉटस्पॉट सोडून वायरकडेच धावतो. तेव्हा सरळ लॅन केबल उपटा. यापेक्षा स्वस्त उपाय नाही.

मग ८.८.८.८ वाईट आहे का? अजिबात नाही. गूगल ही सेवा डिसेंबर २००९ पासून देतंय, १ एप्रिल २०१८ पासून क्लाउडफ्लेअरची १.१.१.१ आहे, फसव्या साईट अडवणारी क्वाड९ ची ९.९.९.९ आहे. तुमच्या नेटवाल्याचा डीएनएस रोज रडत असेल तर खुशाल वापरा. माझा आक्षेप जागेवर आहे. तो आकडा राउटरमध्ये एकदाच टाका आणि सगळी मशीन ऑटोमॅटिकवर ठेवा. पाच कॉम्प्युटर गुणिले तीन अडॅप्टर म्हणजे पंधरा जागा, त्यातली कुठली कधी बदलली कोणाच्या लक्षात राहणार? व्हीपीएनच्या अडॅप्टरला तर हातच लावू नका. तिथे कंपनीनं दिलेलंच राहू द्या. शिवाय हातानं ठोकून बसवलेला डीएनएस घेऊन तुम्ही हॉटेलात किंवा स्टेशनवरच्या वायफायवर गेलात, तर मोबाईल नंबर मागणारं ते लॉगिनचं पान काही वेळा येतच नाही.

कोणी म्हणेल, एवढं कशाला डोकं लावायचं, चालतंय ना? माझा खरा राग याच वाक्यावर आहे. पत्ता सांगणारा माणूस कोण आहे हे न बघणं म्हणजे गल्ला उघडा टाकून चहाला जाणं. 'डीएनएसचेंजर' नावाच्या व्हायरसनं नेमकं हेच सेटिंग बदलून जगभरात चाळीस लाखांच्या आसपास कॉम्प्युटर चोरांच्या डीएनएसकडे वळवले होते. लोकांना काही कळलंच नाही, कारण साईट उघडत होत्या, चालत होतं! नोव्हेंबर २०११ मध्ये एस्टोनियातली टोळी पकडली गेली. पण ते सर्व्हर लगेच बंद केले असते तर इतक्या लोकांचं नेट एका झटक्यात गेलं असतं, म्हणून न्यायालयाच्या परवानगीनं त्यांच्या जागी स्वच्छ सर्व्हर बसवून ९ जुलै २०१२ पर्यंत चालवावे लागले.

राउटरचं म्हणाल, तर जुलै २०१७ मध्ये आपल्याच देशात बीएसएनएलच्या ग्राहकांचे हजारो मोडेम एका मालवेअरनं ठप्प केले. कारण काय, तर कारखान्यातून आलेला पासवर्ड कोणी बदललाच नव्हता. त्या मालवेअरनं मोडेम बंद पाडले म्हणून निदान कळलं तरी. त्याच उघड्या दारातून कोणी गुपचूप डीएनएस बदलला असता तर? तुमच्या दुकानातल्या सगळ्या मशीनना पत्ते सांगणारा तोच झाला असता. बँकेची साईट उघडताना ब्राउझर 'सर्टिफिकेट बरोबर नाही' म्हणून लाल पान दाखवतो ना, ते अशा वेळी तुमचं शेवटचं कुंपण असतं. 'तरीही पुढे जा' दाबायचं नाही. घाईत तर मुळीच नाही. राउटरचा पासवर्ड आज बदला, आणि तो नेटवाल्याच्या वहीत नाही, तुमच्या वहीत असू द्या.

याची उलटी बाजूही सांगतो, नाहीतर तुम्ही प्रत्येक वेळी डीएनएसवर संशय घ्याल. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम सहा-एक तास बंद होतं. कित्येकांनी त्या रात्री आपल्या मशीनचं डीएनएस खालीवर केलं. उपयोग शून्य, कारण फेसबुकचे स्वतःचेच डीएनएस सर्व्हर नेटवरून गायब झाले होते. पत्ता सांगणारा तुम्ही कितीही बदला, घरमालकानंच पाटी काढून नेली तर कोण काय सांगणार? एकच साईट बंद आणि बाकी सगळं चालू असेल, तर आधी शेजारच्या दुकानात विचारा.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की पुढच्या वेळी कोणी तुमच्या मशीनला हात लावायच्या आधी आयपीकॉन्फिग ऑल ही कमांड चालवा आणि पडद्याचा मोबाईलवर फोटो काढा. कुठल्या जोडणीवर कुठले डीएनएस आकडे आहेत ते त्यात दिसतं. तो गेल्यावर परत काढा. दोन फोटोंत फरक असेल तर त्याला विचारा, हे का बदललं? नीट उत्तर देणारा मुलगा असेल तर त्याला धरून ठेवा, दोन पैसे जास्त द्या. 'सर, स्पीड वाढतो' एवढंच म्हणाला, तर परत ऑटोमॅटिक करून घ्या. आणि हे काम निवांत दुपारी करा. रिटर्नच्या आदल्या रात्री नको.

एक बारीक गोष्ट. तपासताना एनएसलुकअपवर पूर्ण विसंबू नका. ते एकाच सर्व्हरला विचारतं, विंडोज आणि ब्राउझर कदाचित दुसऱ्यालाच विचारत असतील. क्रोम आणि फायरफॉक्समध्ये 'सिक्युअर डीएनएस' नावाचं स्वतःचं सेटिंग आहे. ते कोणी हातानं लावून ठेवलं असेल तर तुम्ही विंडोजमध्ये केलेला बदल ब्राउझर बघणारसुद्धा नाही. तेही एकदा उघडून बघा.

मॅकवाल्यांना यातलं मेट्रिक वगैरे लागत नाही, तिथे नेटवर्क सेटिंगमध्ये सर्व्हिस ऑर्डर लावता येते, वरची जोडणी आधी. त्यावर वेगळा व्हिडिओ करतोय.