पाटी कोणती घ्यावी?

या सदरांत आम्ही घरगुती खरेदीविषयीं वेळोवेळीं लिहितों, तें केवळ हौस म्हणून नव्हे. मध्यम स्थितीच्या कुटुंबांत एक चुकीची खरेदी वर्षभराच्या काटकसरीवर पाणी फिरविते, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. आज ज्या वस्तूविषयीं लिहावयाचें आहे ती वडील मंडळींस अपरिचित असेल. परंतु चित्रकलेची आवड असलेल्या मुलामुलींच्या तोंडीं तिचें नांव वारंवार येतें. बाजारांत तिला पेन टॅब्लेट किंवा ग्राफिक्स टॅब्लेट म्हणतात. आम्ही सोयीसाठीं तिला नुसती पाटी म्हणूं.

गेल्या श्रावणांत कसारा, विहीगांव, खोडाळा या वाटेनें आम्ही मोखाडे तालुक्यांतील सूर्यमाळेस आमच्या आतेबहिणीकडे गेलों होतों. तिचे यजमान त्या भागांत शिक्षक आहेत. डोंगरमाथा, दाट धुकें, अखंड पाऊस आणि दिवसांतून दोन-तीन वेळां जाणारी वीज, असा तेथील श्रावण आम्हीं पाहिला. घरांत पाऊल ठेवतांच एका वादाचा सुगावा लागला. थोरली मुलगी शासनाची इंटरमीजिएट चित्रकला परीक्षा उत्तीर्ण झालेली; पुढें मुलांच्या पुस्तकांसाठीं चित्रें काढावीं असा तिचा मानस. त्यासाठीं पडदा असलेलीच पाटी हवी, असें तिला कोणीसें सांगितलें होतें, आणि तिनें पसंत केलेल्या पाटीची किंमत पन्नास हजारांच्या वर होती. वडील मुदतठेव मोडावयास तयार झाले होते. आई मात्र, ती ठेव मुलीच्याच कॉलेजची आहे, तिला हात लावावयाचा नाहीं, म्हणून अडून बसली होती. “मामा, आतां तुम्हीच काय तें सांगा,” असें म्हणून मुलीनें निर्णय आमच्यावर सोंपविला. अशी एक साधी पाटी आमच्या घरीं कित्येक वर्षें वापरांत असल्यानें चार शब्द सांगण्याचा अधिकार आम्हांस होता.

प्रथम वस्तूची ओळख करून घेऊं. पाट्या दोन जातींच्या असतात. पहिली बिनपडद्याची: नुसता सपाट फलक. त्यावर पेन फिरविलें कीं रेघ संगणकाच्या पडद्यावर उमटते. दुसरीच्या अंगांतच पडदा असतो व रेघ पेनाच्या टोंकाखालींच दिसते. पेनांत शाई नसते, आणि हल्लींच्या बहुतेक पेनांत सेलही नसतो. फलकाच्या पोटांत बारीक तारांचें जाळें असतें. त्यांतून निघणाऱ्या विद्युत्चुंबकीय लहरींनीं पेनांतील तारेचें वेटोळें जागें होतें, आणि पेन कोठें आहे व किती दाबलें आहे हें फलकास कळतें.

बिनपडद्याच्या पाटीवर मुख्य आक्षेप असा कीं, हात मेजावर आणि डोळा पडद्यावर ठेवावा लागतो. आक्षेप खरा आहे. पहिले आठ-पंधरा दिवस रेघ भलतीकडे जाते व शिकणारा कंटाळतो. परंतु पेटी वाजविणारा तरी प्रत्येक सुरागणिक पट्ट्यांकडे कोठें पाहतो? ती संवय सरावानें लागते. उलट पडद्याच्या पाटीस बहुधा निराळी वीज पुरवावी लागते, आणि सूर्यमाळेच्या श्रावणांत ती केव्हां जाईल याचा नेम नाहीं. साधी पाटी संगणकाच्या तारेंतूनच आपल्यापुरती थोडीशी वीज घेते, म्हणून लॅपटॉप चालू आहे तोंवर तीही चालू राहते.

दुसरा मोह आंकड्यांचा. कोणी दाबाचे २०४८ टप्पे सांगतो, कोणी ८१९२, तर कोणी १६३८४. मुलीनें हे आंकडे वहींत उतरून ठेवले होते व सर्वांत मोठ्या आंकड्याखालीं दुहेरी रेघ ओढली होती. वास्तविक २०४८ टप्पे ओलांडल्यावर पुढचा फरक मनुष्याच्या हातास क्वचितच जाणवतो.

तिला हें पटेना. तेव्हां आम्हीं तिला शेजारच्या वारली आजींची आठवण दिली. आदल्याच संध्याकाळीं आम्हीं त्यांना भिंतीवर चित्र लिहितांना पाहिलें होतें. वारल्यांच्या लग्नघरांत सुवासिनी भिंतीवर चौक लिहितात व त्यांत पालघाट देवीस स्थान देतात. साहित्य म्हणाल तर गेरूनें सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि टोंक चावून कुंचला केलेली बांबूची काडी. त्या आजींनीं एक काडी चावली, भिंतीच्या कोपऱ्यांत एक रेघ ओढून पाहिली आणि टाकून दिली. दुसरीही टाकली. तिसरी हातास रुचली, तेव्हां काम सुरू झालें. फुकटच्या काडीची पारख इतकी, आणि हजारों रुपयांची पाटी आपण जाहिरातींतील आंकडा पाहून घ्यावी काय? डहाणू तालुक्यांतील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनीं ही कला भिंतीवरून कागदावर व कापडावर नेली व २०११ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. साधन बदललें तरी त्यांचा हात तोच राहिला होता.

मग पाटीची पारख कशी करावी? ओळखीच्या कोणाकडे किंवा दुकानांत पाटी हातीं आली, तर पेन अगदीं हलकें टेकवून पाहावें. ओझरत्या स्पर्शानें बारीक रेघ उमटली पाहिजे. जोर द्यावा लागत असेल तर मनगट लवकर दुखूं लागतें. त्यानंतर पट्टी धरून एक तिरकी रेघ सावकाश ओढावी. ती नागमोडी आली तर ती पाटी घेऊं नये. शेवटीं एक वर्तुळ काढावें. फलकाची लांबी-रुंदी व पडद्याची लांबी-रुंदी यांचें प्रमाण जुळत नसेल, तर हातानें गोल काढलेलें वर्तुळ पडद्यावर अंड्यासारखें दिसतें. हा दोष मात्र पाटीबरोबर मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्यें प्रमाण जुळवून दूर करतां येतो.

मोबाईलवरच काम भागवावयाचें असेल, तर विकत घेण्यापूर्वीं दोन गोष्टींची खात्री करावी: पाटी आपल्या फोनास चालते कीं नाहीं, आणि फोन उभा धरला असतां फलकाचा केवढा भाग उपयोगीं पडतो. पुष्कळ पाट्यांचा अशा वेळीं लहानसा तुकडाच चालतो. पेनाची टोंकें झिजतात, म्हणून जादा टोंकें सोबत येतात कीं नाहीं हें पाहावें. पेन हरवल्यास दुसऱ्या कंपनीचें बहुधा चालत नाहीं. डोंगरांतील गांवीं पार्सल उशिरां पोंचतें, म्हणून परत करण्याची मुदत आधींच वाचून ठेवावी.

वॅकॉम ही जपानी व हुईऑन ही चिनी कंपनी. दोघींच्याही साध्या लहान पाट्या दोन ते पांच हजारांच्या आसपास मिळतात. फलक सुमारें सहा इंच रुंद व चार इंच उंच असला तरी नवशिक्यास पुरतो; खांद्यापासून हात फिरविण्याची संवय असेल तर दहा इंची घ्यावा. चित्रें काढण्यासाठीं क्रिटा व रेखाकृतींसाठीं इंकस्केप हे प्रोग्रॅम विनामूल्य आहेत.

सारें ऐकून मेहुण्यांनीं घरांतील जुन्या लॅपटॉपास जोडण्यासाठीं साडेतीन हजारांची साधी पाटी मागविली. दसऱ्यास मुलीचें पत्र आलें. पंधरा दिवस वर्तुळें वांकडीं आलीं व दोनदां रडूं आलें, असें तिनें प्रांजळपणें लिहिलें आहे. आतां हात बसूं लागला आहे. शेजारच्या आजींनीं पेन हातीं घेऊन त्याचें टोंक निरखलें, आणि हें चावतां येत नाहीं असें म्हणून हसत परत दिलें. पत्राच्या तळाशीं तिच्या आईनें एक ओळ जोडली आहे: ठेव बँकेंतच आहे.

आमच्या वाचकांच्या घरींही असा हट्ट कोणी धरलाच, तर त्यास मोडता घालूं नये आणि घाईनें ठेवही मोडूं नये. दोन वर्षें साध्या पाटीवर हात चालूं द्यावा. त्यानंतरही पडद्याची गरज वाटली, तर ती गरज खरी आहे असें समजण्यास हरकत नाहीं.